माझ्या नावाची हजेरी

"तू काऊन ऐकून राह्यली वो? तुले परीक्षा द्याची हाय का? कप उचल अन् भायेर जा."

सर असं म्हणाले तेव्हा पडद्यावर अस्पृश्यता बंद करणारं कलम चालू होतं. सतरावं. पडद्यावरची बाई ते समजावून सांगत होती आणि मी हातात ट्रे घेऊन दाराशी उभी होते. खोलीत तीस-चाळीस माणसं. वकील, मास्तर, दुकानदारांच्या सुना, दोन रिटायर साहेब. काही हसले. कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. एका बाईनं उरलेला चहा तसाच माझ्या ट्रेमध्ये ठेवला.

मी भायेर गेले. कप धुतले. कान आतच होते.

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी चार वर्षांपासून रोजंदारीवर शिपाई होते. घर बोरगाव मेघेला. बाप नव्हता. आई बांधकामावर विटा वाहायची. बारावी झाले होते मी, फर्स्ट क्लासमध्ये. पुढचं राहून गेलं. आमच्या आज्यानं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. घरात धान्य कमी-जास्त असायचं, पण संविधानाचं पुस्तक होतं. जुनं, कव्हर फाटलेलं. बाप ते मांडीवर घेऊन बोट ठेवून वाचायचा. त्याला सगळं कळायचं नाही. तरी वाचायचा.

दोन-तीन वर्षांपूर्वीची, दोन हजार नऊची गोष्ट. कॉलेजात नवीन ब्रॉडबँड आलं होतं. मोठ्या शहरातल्या एका संस्थेनं इंटरनेटवरून कायदा शिकवायचा कार्यक्रम काढला, सामान्य लोकांसाठी. दर रविवारी दोन तास. तिकडून बाई शिकवणार, इकडे पडद्यावर दिसणार. आमचं कॉलेज केंद्र झालं. सर केंद्रप्रमुख. त्यांच्या घरचा कापडाचा धंदा, शहरात मान मोठा.

नोटीस मीच चिकटवली होती. 'सर्व नागरिकांसाठी खुला. शिक्षणाची अट नाही.' चिकटवता चिकटवता तीनदा वाचली. मग सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, माझंही नाव घ्या ना."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुले काय कराचं हाय? अन् चहा कोण देईन? तुह्या मायनं?"

केबिनमधले दोघं हसले. मी तशीच बाहेर आले. तेव्हा बोलायची सवय नव्हती. हो सर, हे दोनच शब्द होते माझ्याकडे.

चार महिने दर रविवारी मी खुर्च्या लावल्या. लोडशेडिंग झालं की जनरेटर चालू केला. चहा दिला. दाराबाहेर उभी राहून जेवढं ऐकू आलं तेवढं ऐकलं. आलं तेवढं घरी जाऊन बापाच्या पुस्तकात शोधलं.

मग समारोप. मंडप नाही, पण हार, बुके, फोटोग्राफर. पडद्यावर ती बाई थेट दिसत होती. कॉम्प्युटरवर छोटा कॅमेरा बसवलेला, त्यातून तिला आम्ही दिसत होतो. मी बुके हातात देत होते. एकेकाला प्रमाणपत्र मिळत होतं. आणि सरांनी माईकवर माझं नाव घेतलं.

मला वाटलं, हार आणायला बोलावतात.

सर शुद्ध मराठीत बोलत होते. "आमच्या शिपाईबाईंनीही हा अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केला आहे. संविधान तळागाळापर्यंत पोहोचलं, याचा हा जिवंत पुरावा."

टाळ्या. खूप टाळ्या. माझ्या हातात कागद दिला. माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. खाली लिहिलं होतं, उपस्थिती शंभर टक्के.

फोटोग्राफर म्हणाला, "ताई, इकडे पहा. हसा."

काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही.   मी कॅमेऱ्याकडे पाहिलं, पण फोटोग्राफरच्या नाही. कॉम्प्युटरवरच्या.

"बाई, माझा आवाज येऊन राह्यला का?"

"हो, येतोय. बोला."

"मी या वर्गात एक दिवस बसले नाई. मले बसू दिलं नाई. मी चहा दिला अन् भायेर कप धुतले. परीक्षा दिली नाई. हे हजेरी खोटी हाय."

बाईचा चेहरा गंभीर झाला. "पुन्हा सांगा, काय म्हणालात?"

सरांनी हात हलवला. कुणीतरी वायर ओढली. पडदा निळा झाला.

सर माझ्या कानाशी आले. "लाज वाटू दे जराशी. आम्ही तुहं नाव वर आणून राह्यलो."

"तुम्ही माहं नाव चोरलं, सर."

कागद टेबलावर ठेवला आणि निघाले. सायकल काढली आणि थेट घरी आले. 

दुसऱ्या दिवशी चौकीदारानं गेटवरच सांगितलं, येऊ नको.

आई रडली नाही. चिडली. "घेऊन घेतला असता कागद, त काय झालं असतं? काम त रायलं असतं. तुह्या बापानंही असंच केलं जिंदगीभर." तीन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिचं चूक नव्हतं. चूल तिला पेटवायची होती.

स्टेशनच्या रस्त्यावर सायबर कॅफे होता. मी तिथं जाऊन त्या कार्यक्रमाची वेबसाइट उघडली. नवीन तुकडीत स्वतः नाव नोंदवलं. केंद्र नको, एकटीनं शिकणार, असं लिहिलं; शिकायचं होतं याच कॅफेत बसून. तिथंच खाली केंद्रांच्या याद्या होत्या. आमच्या केंद्राची उघडली.

माझ्या नावाखाली आणखी अकरा नावं. सगळ्यांच्या पुढे जातीचा रकाना भरलेला, तळागाळाचा आकडा दाखवायला. सगळ्या आमच्या वस्तीतल्या बाया. झाडूवाल्या, मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या. कॉलेजनं काही वर्षांआधी साक्षरता वर्ग घेतले होते, त्या जुन्या फॉर्मांवरून उचललेली नावं. त्यातली एक बाई दोन वर्षांआधी वारली होती. तिचीही हजेरी शंभर टक्के.

मी ती यादी छापून घेतली. कॅफेवाल्यानं विचारलं, "काय हाय हे?"

"मेलेल्या बाईची हजेरी," म्हटलं.

शिकवणाऱ्या बाईंना ईमेल केला. कॉलेज ज्या विद्यापीठाखाली येतं, त्यालाही रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवला. अर्ज स्वतः लिहिला, तीन दिवस लागले. बाईंचं उत्तर आलं. केंद्र थांबवलं आहे, चौकशी होईल, तुमचं म्हणणं लेखी द्या.

मग सर आमच्या वस्तीत आले. पहिल्यांदा. सोबत दोन प्राध्यापक. आवाज मऊ.

"ताई, गैरसमज झालता, एवढं लिहून द्या फक्त. तुम्हाले परमनंट करून टाकतो."

ताई. तुम्हाले. चार वर्षं मी 'ए' होते.

आई दारात उभी होती. मला वाटलं, ती म्हणेल, लिहून दे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सरांना म्हणाली, "ते नाई लिहून देणार. मी ओळखतो माह्या पोरीले."

सर जाताना म्हणाले, "पस्तावशीन."

नवीन तुकडीची परीक्षा मी दिली. पास झाले. त्याचं काही विशेष नाही. कायद्याला प्रवेश घेतला, सकाळी एका दुकानात काम करते आणि दुपारी कॉलेज.

चौकशीची तारीख पडते, पुढे ढकलली जाते. साहेब रजेवर, फाइल सापडत नाही, सर आजारी. मी प्रत्येक तारखेला जाते. त्या अकरा घरांतही गेले. वारलेल्या बाईच्या मुलाला यादी दाखवली तेव्हा तो कितीतरी वेळ आईच्या नावावर बोट ठेवून बसला. तिघींनी जबाबावर सही केली. बाकीच्या घाबरतात. एकीनं दार लावून घेतलं. तिचा नवरा त्याच कॉलेजात माळी आहे.

मी पुन्हा जाणार आहे. त्या दारावरही. लोक सांगतात, मिटवून टाक, एवढं काय, कागदच तर होता.

मी मिटवणार नाही. मी थकून जाण्याची वाट यांना पाहायची असेल तर पाहू द्या. मी थकणार नाही.