साबणाच्या दोन रेघा

मी नऊ वर्षांची असताना चुलत भावानं टोलवलेली विटी माझ्या डाव्या डोळ्यात बसली आणि डोळा गेला. जळगावच्या डॉक्टरांनी दोन महिने औषधं घालून पाहिली. शेवटी ते नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना म्हणाले, "हा गेला. आता उजवा जपा. पोरगी खेळायला जाणार असेल तर डोळ्यांवर काहीतरी लावूनच जाऊ द्या."

चुलत भावाच्या पाठीत काकूनं एक धपाटा घातला आणि संध्याकाळी त्याला शिरा करून दिला, कारण पोरगं घाबरलं होतं. तिथं त्याचं प्रकरण मिटलं. पुढच्या वर्षी त्याला क्रिकेटची बॅट आली. चष्मा आला तो मला.

आमचं घर यावलजवळच्या एका गावात. सगळं एकत्र, चूल एक, केळीचे मळे सामाईक. त्यामुळे घरात त्या विटीचं नाव काढायचं नाही, हे न सांगताच ठरून गेलं. कुणी विचारलं तर "लागलं" एवढंच सांगायचं. कुणाचं लागलं, हा प्रश्न आला की आई लगेच चहाला उठायची.

आठवीत मी यावलच्या शाळेत जाऊ लागले आणि खो-खोच्या संघात आले. नानांनी हो म्हणायला पंधरा दिवस घेतले. मग जळगावहून एक चष्मा आणला, मोटारसायकलवाले लावतात तसला. पुढं प्लॅस्टिकची एकसंध काच, कडेला जाड रबर आणि मागं इलॅस्टिकचा पट्टा. तो माझ्या हातात देऊन म्हणाले, "माह्या गयाची आण आहे तुले. खेयाचं त हे लावूनच खेयाचं."

आमच्याकडे गळ्याची आण म्हणजे चेष्टा नव्हे. ती मोडली की ज्याच्या गळ्याची घेतली तो मरतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. मी मान डोलावली. खेळायला मिळतंय म्हटल्यावर मी घोड्याची झापडंही लावून घेतली असती.

चष्मा लावून पहिल्याच दिवशी मैदानात उतरले. थंडीचे दिवस होते, सकाळची वेळ. दोन गडी बाद केले, घाम फुटला आणि आतून काच पांढरी झाली. गरम भाजीवर झाकण ठेवावं तशी वाफ धरली. धावणारी मुलगी माझ्या पुढून गेली, मला नुसता फ्रॉकचा निळा रंग दिसला. मी तिच्याऐवजी खांबाला जाऊन धडकले. पोरी हसल्या. "काणी आता आंधळी झाली," असं एक म्हणाली. ते मी विसरले नाही, विसरायचंही नाही.

त्यानंतरचं वर्षभर माझा अभ्यासाचा एकच विषय होता. थुंकी लावून पाहिली. तीन मिनिटं टिकते. कच्चा बटाटा चोळून पाहिला; तो त्याहून थोडा बरा, पण काचेवर खळ धरते. पिकल्या केळ्याच्या सालीची आतली बाजू फिरवली, म्हटलं आपल्या मळ्यातली वस्तू कधीतरी आपल्या कामाला येऊ दे. काच बुळबुळीत झाली आणि मैदानातली सगळी धूळ तिच्यावर येऊन बसली. रबराला तापल्या दाभणानं बारीक भोकं पाडली; हवा खेळू लागली, पण पुरेशी नाही.

शेवटी अंगाच्या साबणानं साथ दिली. साबण कोरडा हवा. आतून दोन रेघा ओढायच्या, बोटानं पसरायच्या, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं हलकं पुसायचं आणि मग पाणी अजिबात लावायचं नाही. वाळल्यावर काचेवर किंचित पांढुरकी छटा राहते. बघणाऱ्याला वाटतं मळलाय, पण पूर्ण डाव संपेपर्यंत वाफ म्हणून धरत नाही. हे सापडलं त्या दिवशी मला जो आनंद झाला, तसा पुढं दहावी पास झाल्यावरही झाला नाही.

मी चांगली खेळायचे. हे सांगताना लाजायचं वय आता गेलं. डावीकडचं मला दिसत नव्हतं, म्हणून मी नेहमी अशा टोकाला बसायचे की सगळा खेळ उजव्या हाताला राहील. अंतराचा अंदाज येत नव्हता, म्हणून खांबापर्यंतची पावलं मोजून पाठ केली होती. दोन डोळेवाल्या पोरी अंदाजानं सूर मारायच्या, मी मोजून मारायचे.

नववीत असताना आमचा संघ धुळ्याला मोठ्या सामन्यांसाठी गेला. तिथं निवड करणारे येणार होते. ज्यांचं नाव निघेल त्यांना राज्याच्या शिबिराला जायचं होतं. आमच्या खेळाच्या बाई मला आधीच म्हणाल्या होत्या, "तुझं निघणार. फक्त नेहमीसारखी खेळ." नानाही सोबत येणार होते.

आदल्या संध्याकाळी मी साबणाच्या रेघा ओढल्या, पुसलं, चष्मा फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवला. पहाटे पिशवी काकूनं भरून दिली. जळगावला गाडी बदलून धुळ्याला पोचलो तेव्हा चांगलंच उजाडलं होतं आणि तोंडातून वाफा निघत होत्या.

मैदानाच्या कडेला मी फडकं सोडलं. चष्मा लखलखत होता. पांढुरकी छटा पार गेलेली. नाकाशी नेला तर राखेचा वास. उजेडात धरला तर काचेवर आतबाहेर गोल गोल ओरखडे, पितळी तांब्यावर असतात तसे.

काय झालं ते मला तिथंच कळलं. आमच्याकडे परगावी न्यायची वस्तू घासून लख्ख करून नेतात. डबा असो, तांब्या असो, लोकांनी नाव ठेवायला नको. काकूनं तेच केलं होतं. घरी परतल्यावर तीच कौतुकानं म्हणाली, "किती मयला होता व माय! साबनाचे डाग पडेल होते. राखोंडीनं घासून लख्ख केला मी." तिच्या मनात पाप नव्हतं. किंबहुना तिच्या पोरानं माझा डोळा घेतला म्हणून ती माझी अशी बारीकसारीक कामं न सांगता करायची. तिनं मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, मला तिला मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या.

साबण घरीच राहिला होता. मी थुंकी लावली आणि उतरले. पहिली दोन मिनिटं निभावली. मग वाफ धरली, ओरखड्यांत तर ती अशी बसली की बोटानंही निघेना. समोरून धावणारी गेली आणि मी उठलेच नाही. बाई ओरडल्या. दुसरी गेली. कडेला निवड करणारे तिघे खुर्च्यांवर बसलेले, त्यांच्यातला एक काहीतरी लिहीत होता.

मी चष्मा गळ्यात ओढला.

थंड हवा डोळ्याला लागली. इतकं स्वच्छ मैदान मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. मी त्या डावात चार गडी बाद केले, शेवटचा खांबापाशी सूर मारून. सामना आम्ही एका गुणानं जिंकलो. पोरींनी मला उचललं. माझ्या उजव्या डोळ्यात धुळीचा कणसुद्धा गेला नव्हता.

नाना गर्दीतून आले. ओरडले नाहीत. माझ्या गळ्यातला चष्मा काढून त्यांनी पिशवीत टाकला. परतीच्या गाडीत पारोळ्याच्या पुढं ते म्हणाले, "आन मोडली तू. आता बस झालं." मी काच, साबण, राख सगळं सांगितलं. त्यांनी पिशवीचं तोंड बांधून टाकलं.

यादीत माझं नाव निघालं होतं. बाई तो कागद घेऊन यावलहून आमच्या घरी आल्या. वडिलांची एक सही हवी होती. नानांनी त्यांना चहा पाजला, केळीची फणी दिली आणि कागद तसाच परत केला. त्या वेळी चुलत भाऊ अंगणात बॅट घेऊन उभा होता. त्याच्या डोळ्यांवर कधी कुणी काही लावलं नाही, हातांवरही नाही. नाना मात्र माझ्या मोडलेल्या आणेनंतर चौदा वर्षं ठणठणीत जगले.

विसाव्या वर्षी मला बघायला सोनगीरकडची मंडळी आली. त्याच महिन्यात चुलत भावाचंही ठरत होतं. मी पोहे घेऊन बाहेर आले तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी डोळ्याचं विचारलं. नाना म्हणाले, "शाळेत खो-खो खेळताना लागलं." काकूनं मान हलवली, आईनंही. चोर सोडून संन्याशाला फाशी. ज्या खेळानं मला कधी ओरखडा काढला नाही, त्याच्या माथी माझा डोळा मारून सगळे मोकळे झाले. मी खाली बघून ताटल्या मांडल्या.

हे खोटं पुढं बारा वर्षं माझ्या संसारात नांदलं. मग माझी मुलगी पाचवीत खो-खोच्या संघात निवडली गेली आणि शाळेचा फॉर्म घेऊन उड्या मारत घरी आली. सासूबाई म्हणाल्या, "घरमा एक डोया गया तितला पुरे शे. पोर खेयाले जावाव नही." ह्यांनी आपल्या आईकडे बघितलं आणि पेपर उघडला.

मला राग आवरला नाही. मी म्हटलं, डोळा खेळात गेला नाही. विटी, चुलत भाऊ, चष्मा, आण, सगळं उभ्या उभ्या सांगून टाकलं. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. सासूबाई चिडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग तवय काब्र नही बोलनी तू?"

खरंच, तेव्हा का बोलले नाही मी? नानांनी सही केली नाही, पण त्या दिवशी पोह्यांच्या ताटल्या मांडणारी मीच होते. तोंड माझंच होतं, त्याला कुणी आण घातली नव्हती.

मी फॉर्म ओढून घेतला. वडिलांच्या सहीच्या जागेवर माझी सही केली आणि मुलीच्या हातात दिला. शाळेनं तो मुकाट्यानं घेतला. सही करायला मला पाव मिनिटही लागलं नाही. नानांनाही एवढंच लागलं असतं.