कोणाशीच न जुळणारं रक्त

माझा मेहुण्यावर राग आहे आणि तो रास्त आहे. धुळ्यातल्या देवपुरात माझं जुन्या पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. भंगारातून मोटार उचलायची, दुरुस्त करायची, घासाघीस करून विकायची. त्यावर मी घर बांधलं, तरी मेहुणा चारचौघांत मला 'आमचे भंगारवाले दाजी' म्हणायचा.

बायकोला लुपस होता. सांधे सुजायचे, उन्हात गेली की गाल लाल व्हायचे. एका दिवाळीला ती माहेरी एरंडोलकडे गेली आणि तिचे डोळे पिवळे पडले. मेहुण्यानं डॉक्टरकडे न नेता काविळीची माळ आणली. ही काड्यांची माळ डोक्यावर ठेवतात. सैल होत होत ती पायापर्यंत उतरली की कावीळ गेली असं समजतात. मी पोचलो तेव्हा माळ छातीवर आली होती आणि बायकोला ओट्याची पायरी चढवत नव्हती.

"माळ उतरी राहिनी, दाजी!" मेहुणा खुशीत म्हणाला.

"माळ उतरतेय, आणि बहीण?" मी ओरडलो. तिला जीपमध्ये घातलं आणि धुळ्याला आणलं. मेहुणा माळेसकट मागे बसला.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. "ही कावीळ यकृताची नाही. लुपसमुळे हिचं शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडतंय. रक्त फार उतरलंय, जिवाला धोका आहे."

"स्वतःच्याच माणसांवर उठायचं, ही सवय माहेरची," मी म्हणालो. मेहुणा बाह्या सरसावून उठला. डॉक्टरांनी दोघांना बाहेर काढलं.

बाहेर नवा घोळ झाला. रक्तपेढीतली एकही बाटली तिच्या रक्ताशी जुळेना. धंद्यात असं झालं की समजायचं, समोरचा भाव वाढवतोय. मी तंत्रज्ञाला कोपऱ्यात घेऊन म्हणालो, "चांगला माल आत ठेवलाय ना? काढा बाहेर."

मेहुणा छाती काढून पुढे आला. "सख्खा भाऊ शे मी. माझंच जुळेल." नाही जुळलं. मला इतकं बरं वाटलं की मीही हात पुढे केला. माझंही नाही.

"अहो, तिचं स्वतःचं रक्तसुद्धा तिच्याशी जुळत नाहीये," डॉक्टर वैतागून म्हणाले.

आम्ही दोघांनीही वर केलेल्या बाह्या खाली केल्या.

शेवटी त्यांनी सगळ्यांत कमी भांडणारी बाटली निवडली आणि जवळ बसून थेंबाथेंबानं चढवली. त्याबरोबर स्टेरॉइड जोरात सुरू केलं. कोणाचं रक्त होतं कोण जाणे. देणारा नातलग नव्हता, म्हणूनच बहुधा निभावलं. हळूहळू तिचे डोळे निवळले, भूक लागली, आणि ती माझ्या डब्यातली भाजी नावं ठेवत संपवू लागली.

घरी आल्यावर तिचं तोंड स्टेरॉइडनं पुरीसारखं फुगलं. आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, "आजपासून गोळ्या बंद."

डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळ्या ते सांगतील तशाच हळूहळू कमी करायच्या. एकदम सोडल्या तर रक्त पुन्हा फुटायला लागेल. मी रागावलो, विनवलं, नवं लुगडं कबूल केलं. ती ढिम्म.

"एक अट," ती शेवटी म्हणाली. "माझ्या भावाला जेवायला बोलवायचं. स्टँडवर घ्यायला तुम्ही जायचं. आणि माळेबद्दल तोंडातून शब्द काढायचा नाही."

"पहिल्या दोन अटी मान्य."

तिनं गोळ्यांची पुडी खिडकीबाहेर धरली.

"तिन्ही मान्य!"

मेहुणा बसमधून उतरला तो खांद्यावर उसाची मोळी घेऊन. "माळेनं गुण दिधा ना, दाजी? आते उसाचा रस पाजा, बठ्ठी कावीळ धुवाई जाई."

माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. तिकडे घरी ती ताट वाढून, गोळी हातात धरून बसली होती. मी तोंड मिटून मोळी खांद्यावर घेतली आणि देवपुराकडे चालू लागलो.