खंडोबाचं कुत्रं

आमच्या कुत्र्याला घरातल्यांनी चांगलं नाव ठेवलं होतं. मी ते कधी घेतलं नाही. मी त्याला मेल्या म्हणायचे आणि तेही त्यालाच कान टवकारायचं.

धाकट्या दिरानं ते तुळजापूर रोडवरून उचलून आणलं होतं. रस्त्याच्या कडेला कुणीतरी सोडून दिलेलं, तांबूस रंगाचं, एक कान पडलेलं पिल्लू. गाडीच्या डिकीत बारदानावर झोपून आलं आणि ओसरीवर उतरवल्या उतरवल्या मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, चपलेवर मुतलं. मामा चिडतील असं मला वाटलं होतं. ते खुशीत आले.

"असू द्या. खंडोबाचं वाहन हाय. आपल्या पायानं दारात आलंय."

पायानं कुठलं, डिकीतून आलं होतं. पण अणदूरचा खंडोबा आमचं कुलदैवत, आणि मामांनी एकदा देवाचं नाव घेतलं की पुढं कुणी बोलायचं नाही, अशी घरची रीत. तेव्हापासून त्या कुत्र्याला कुणी काठी उगारायची नाही, हे ठरूनच गेलं.

आमचं घर म्हणजे बिनदाराचं घर. म्हणजे दारं आहेत, पण मिटत कुणी नाही. स्वयंपाकघराचं एक दार ओसरीकडं, दुसरं मागं गोठ्याकडं. सकाळी दूध घालायला जाणारा त्यातून जातो, वैरण टाकणारा येतो, पाणी प्यायला शेतातली माणसं येतात, चहाला कुणीही येतं. मी शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. उजाडायच्या आत उठून सगळ्यांच्या भाकरी थापायच्या, दोन भाज्या टाकायच्या, माझा डबा भरायचा आणि स्कूटी काढायची. मध्ये एका मिनिटाची फुरसत नाही. त्या कुत्र्यानं हे सगळं माझ्याआधी ओळखलं. मी अंघोळीला गेले की ते आत.

आधी दुधावरची साय गेली. मग वाळत घातलेल्या खारोड्या. मग कोंबडीच्या अंड्यांची टोपली, ती त्यानं इतक्या हलक्या तोंडानं रिकामी केली की टरफलंसुद्धा गोठ्यात सापडली. ओट्यावर चढायला शिकलं. फ्रिजच्या दाराला पंजा घालायला शिकलं. एकदा शाळेत मधल्या सुट्टीत डबा काढायला पिशवीत हात घातला, तर डब्याचं झाकण उघडं आणि आत धपाट्याचा एक तुकडा, तोही चाटलेला. सकाळी पिशवी ओसरीवर टेकवून मी हेल्मेट आणायला आत गेले होते, तेवढ्यात. बरोबरच्या बाईंनी त्यांच्यातली अर्धी पोळी दिली. ती खाताना मला रडू आलं, रागानं.

पण खरा राग कुत्र्याचा नव्हताच. काहीही गेलं की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, एकच वाक्य म्हणायच्या.

"झाकून ठिवायला काय हुतं गं?"

मी झाकायचे. ताटाखाली झाकायचे, ताटावर पाटा ठेवायचे. चहाला आलेला माणूस दुधासाठी पाटा उचलायचा आणि तसाच बाजूला ठेवून जायचा. त्याला कुणी विचारायचं नाही. कुत्रं जीभ फिरवत ओसरीवर गेलं की मामा हसून त्याच्या डोक्यावर हात फिरवायचे. दीर म्हणायचा, "वहिनी, लई हुशार हाय बघा. फ्रिज कसा उघडतंय!" नवरा मोबाईलमधून मान न काढता म्हणायचा, "जाऊ दे ना. मुकं जनावर हाय."

मुकं जनावर. आणि मी?

सोयाबीनच्या मळणीला मशीनवरची माणसं जेवायला होती. पहाटे उठून दुरडीभर भाकरी केल्या, फडक्यात गुंडाळल्या, वर ठेचा ठेवला. साडी नेसून बाहेर येते तर दुरडी उपडी, फडकं अंगणात आणि मेल्या लिंबाखाली चौथी की पाचवी भाकरी खात बसलेलं. ठेचा तेवढा सोडला होता. बाकीच्या भाकरींवर माती. मी तशीच साडी खोचून पुन्हा पिठात हात घातला. शाळेत पोचले तेव्हा परिपाठ संपला होता आणि हेडसर फाटकाशी उभे होते. "बाई, काय कारण?" म्हणाले. कुत्र्यानं भाकरी खाल्ल्या, असं सांगायची मला लाज वाटली. गाडी पंक्चर झाली म्हणाले. लहान पोरं सांगतात तसं खोटं मी त्या दिवशी बोलले, आणि वर्गात गेल्यावर एका पोरीवर विनाकारण ओरडले.

मग चंपाषष्ठी आली.

आमच्याकडं त्या दिवशी मोठा कार्यक्रम असतो. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, पुरणपोळी. चातुर्मासात सोडलेलं कांदा-वांगं त्या दिवशी देवाला दाखवूनच खायचं. नणंद आणि तिचा नवरा आले होते, भावकीतली माणसं तळी भरायला येणार होती. मी शाळेत रजा टाकली होती. घरात उपास मला आणि आत्यांना. पहाटेपासून चुलीवर वांगी भाजली, साली काढताना बोटं पोळली, पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या. नैवेद्याचं पान सजवलं. कुत्र्याचा घासही रीतीप्रमाणं वेगळ्या पत्रावळीवर काढून ठेवला, कारण देवाच्या पानाआधी नाही, पण देवाच्या पानानंतर त्याचा मान असतो. पान देवघरासमोर पाटावर ठेवून मी हात धुवायला मागं गेले. ओसरीवर सगळे बसले होते. देवघर ओसरीवरून समोर दिसतं.

हसण्याचा आवाज आला म्हणून पळत आले. मेल्या देवाच्या पानात तोंड घालून उभं. पुरणपोळी अर्धी संपलेली, भरीत नाकाला लागलेलं. आणि दीर उंबऱ्यात गुडघ्यावर बसून मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढत होता.

"थांबा थांबा, वहिनी, पुढं येऊ नका," तो म्हणाला. "मस्त येतंय."

त्यानं बघितलं होतं. त्यानं कुत्रं आत जाताना बघितलं होतं, आणि हाकलायच्या ऐवजी खिशातून मोबाईल काढला होता. बाकीच्यांनीही बघितलं होतं. जावई पोट धरून हसत होते. मामा म्हणाले, "आरं, देवानंच येऊन खाल्लं म्हणायचं. असू दे. बाई, दुसरं पान वाढ."

दुसरं पान वाढ.

माझ्या हातात ओला टॉवेल होता. तो मी खाली टाकला. कुत्र्याला काही केलं नाही, ते आपलं खात राहिलं. मी ओसरीवर गेले आणि मामांच्या समोर उभी राहिले. सून म्हणून त्या घरात आल्यापासून मी त्यांच्यासमोर अशी उभी राहिले नव्हते.

"मामा, मी दुसरं पान वाढणार न्हाय."

हसणं थांबलं.

"आत्या आणि मी पहाटेपासून उपाशी हावोत. ह्यांनी बघत बसून देवाचं पान कुत्र्याला खाऊ दिलं, व्हिडिओ काढला. तुमी हसलाव. आता जे हसले त्यांनी पान वाढायचं."

"अगं, सणाच्या दिवशी..." नवरा उठला.

"तू गप बस," मी म्हणाले. "तुला मुकं जनावर दिसतं. मला सांग, ह्या मुक्या जनावराला सकाळी खायला कोण घालतं?"

तो दिराकडं बघायला लागला. दीर म्हणाला, "दादा घालतो की." नवरा म्हणाला, "मी? मला वाटलं मामा घालत्यात." त्याला वडिलांना मामा म्हणायचीच सवय, घरात वाढलेल्या आतेभावंडांकडून लागलेली. मामा आत्यांकडं बघायला लागले.

"मी न्हाय बाई," आत्या म्हणाल्या. "मला वाटायचं ही घालती."

"मी न्हाय घालत," मी म्हणाले. "मी कशाला घालू? माझं ते घेऊनच जातंय."

इतके दिवस त्या कुत्र्याला घरात सगळ्यांनी कुरवाळलं, फोटो काढले, पाहुण्यांना कौतुकानं दाखवलं, पण त्याच्या पुढ्यात स्वतःच्या हातानं भाकरी कुणी टाकली नव्हती. त्याच्यासाठी घरात एक जर्मनची वाटीसुद्धा नव्हती. ते रोज चोरायचं, कारण चोरलं तरच त्याला मिळायचं. हे मला त्या क्षणी, प्रश्न विचारता विचारताच कळलं, आणि माझा राग उतरायच्या ऐवजी दुप्पट झाला. देवाचं वाहन म्हणायचं आणि उपाशी ठेवायचं. लाड करायला सगळे, आणि निस्तरायला एकटी मी.

मी आत जाऊन कॉटवर पडले. बाहेर बराच वेळ कुजबुज चालली. मग भांड्यांचा आवाज आला. नंतर नणंदेनं सांगितलं, आत्यांनी माझ्या नवऱ्याला उठवून रोडगे शेकायला लावले, दिराला देवापुढचा पाट धुवायला लावला आणि पान स्वतः वाढलं. तळी उशिरा भरली. येळकोटाचा आवाज आला तेव्हा मी उठून बाहेर गेले, हळद कपाळाला लावली आणि परत आले. आत्यांनी माझं ताट खोलीत आणून दिलं. ताटावर झाकण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांना सांगितलं, "दोन भाकरी जास्त करीन. कुत्र्याला घालायच्या तुमी." मामा म्हणाले, "घालतो." आणि घालतात. दूध घालून, भाकरी कुस्करून, एका जुन्या पातेल्यात. नवऱ्यानं मागच्या दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग बसवली, ते दार चहाला येणाऱ्यांच्या पाठीत बसतं आणि ते मला शिव्या देतात. देऊ देत. दिरानं तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता, तो मी सांगितल्यावर काढला, पण तोवर सोलापूरच्या पाहुण्यांपर्यंत पोचला होता. अजून कुणी भेटलं की विचारतं, काय म्हणतंय तुमचं देवाचं कुत्रं.

पोट भरायला लागलं म्हणून मेल्याची चोरी सुटली असं मात्र झालं नाही. आता ते गल्लीत जातं. परवा मी भाकरी थापत असताना पलीकडच्या घरच्या काकू तावातावानं दारात आल्या. त्यांच्या पोराच्या वाढदिवसाचा केक ओट्यावरून गेला होता.

"काय गं, मास्तरीण, जरा लक्ष नको का ठिवायला?" त्या म्हणाल्या.

माझ्या हातातली भाकरी अर्धी झाली होती. मी ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"मामा ओसरीवर हायत, काकू," मी म्हणाले. "त्यांना सांगा."