पाइप गार आहे

दादाचा हात खोटा ठरेल असं मला कुणी महिन्यापूर्वी सांगितलं असतं, तर मी त्या माणसाला गॅरेजबाहेर काढलं असतं.

लहानपणी आमच्या जिन्यावर कुणाचं मूल तापलं की आई दादाला पाठवायची. तो कपाळावर तळवा ठेवून ताप किती ते सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. तेव्हापासून त्याला थर्मामीटर नाव पडलं. पुढे तो मेकॅनिक झाला, तळवा कपाळावरून रेडिएटरवर गेला, एवढाच फरक. मग विजेच्या गाड्या आल्या आणि मी ऑफिसातली नोकरी सोडून त्याच्याकडे गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर चालवायला लागले. तरी आधी दादाचा हात, मग माझं यंत्र, हा क्रम काही बदलला नाही. मी कुरकुर केली की तो म्हणायचा, हातच्या कांकणाला आरसा कशाला.

अलीकडे त्याला चिडवायला मला एक नवंच निमित्त मिळालं होतं. चालताना त्याची चप्पल पायातून निसटायची आणि हा तसाच पुढे जायचा. एकदा तर बोल्टचा डबा आणायला गेला आणि एक पाय अनवाणी घेऊन परत आला. आज चप्पल विसरलास, उद्या पाय विसरशील, असं मी म्हटलं आणि आम्ही दोघंही हसलो.

त्याच सुमारास सिस्टरची गाडी आली. सिस्टर म्हणजे घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या जखमा बांधणारी नर्स. दादाला गॅरेजात दोन सिस्टर, एक सख्खी आणि एक गिऱ्हाईक, आणि दोघींचं तो सारखंच कमी ऐकायचा. चढ लागला की गाडी धोक्याचा दिवा दाखवायची आणि तिचा जोर ओसरायचा. विजेच्या मोटरीभोवती तिला गार ठेवणारं कूलंट फिरतं, ते किती तापलंय हे बोटाएवढा एक सेन्सर सांगतो आणि फार तापलं की गाडी आपणहून जोर कमी करते. माझा स्कॅनर म्हणत होता, कूलंट उकळायला आलंय.

दादानं गाडी बंद केली, मुख्य प्लग काढला आणि जास्त दाबाच्या नारिंगी वायरी टाळून मोटरीतून निघणाऱ्या पाइपवर मूठ आवळली. "पाइप गार आहे," तो म्हणाला. "सेन्सर थापा मारतोय."

त्याच्या हातापुढे बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी नवा सेन्सर बसवला.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा चढावर अडली. सिस्टर आली ती भांडली नाही, नुसती स्टुलावर बसून घड्याळाकडे बघत राहिली. तिची आजारी माणसं पट्ट्या बदलायची वाट बघत होती. दादाचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्याचं निदान कधी परत आलं नव्हतं. वायर तुटली असेल म्हणून आम्ही ती टोकापासून टोकापर्यंत तपासली. वायर धडधाकट होती. मग मी काढलेला जुना सेन्सर मीटरला जोडला आणि चहाच्या किटलीतलं गरम पाणी कपात ओतून त्यात बुडवला. अशा सेन्सरचा विजेला होणारा रोध उष्णतेनं उतरतो. तो उतरला. गार पाण्यात घातला तर चढला. बिचारा खरं बोलत होता आणि आम्ही त्याला काढून टाकलं होतं.

मी म्हटलं, मग पाइप गरमच असायला हवा. दादा चिडला. त्यानं गाडी चढावर एक फेरी मारून आणली. त्यानं प्लग काढून पाइप पुन्हा पकडला आणि पकडूनच ठेवला.

"गार आहे म्हणतोय ना. लावून बघ हात."

मी हात लावला आणि चटका बसून मागे ओढला. डोळ्यांत पाणी आलं. समोर बघते तर दादाची मूठ तशीच पाइपवर. शांत, घट्ट. मला आधी कळेचना काय बघतेय ते. मग मी ओरडले.

"दादा, सोड."

मी थट्टा करतेय असं वाटून तो हसला. सिस्टरनं उठून त्याचं मनगट धरून हात सोडवला. तळवा लालबुंद झाला होता आणि अंगठ्याखाली कालचा एक फोड होता. तो पान्याचा असेल, दादा म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सिस्टरनं त्याला डोळे मिटायला सांगितलं. पेनाचं टोक कोणत्या बोटाला लागतंय ते सांगा, म्हणाली. दादा डोळे मिटून थांबला. थोड्या वेळानं तो म्हणाला, "करा ना सुरू."

तोवर तिनं त्याची तीन बोटं तपासली होती.

सिस्टरनं खाली बघितलं, त्याच्या एकाच पायात चप्पल होती. "मिस्त्री, साखर कधी तपासली होती?" तिनं विचारलं.

"चहात असते तेवढीच," दादा म्हणाला.

गाडीचा दोष पंपात होता. तो फिरत नसल्यानं कूलंट जागीच तापत होतं. नवा पंप मी बसवला, पट्टी बांधलेला दादा स्टुलावरून पायरीपायरीनं सांगत होता. डॉक्टरांनी सांगितलं, साखर कित्येक वर्षं वाढलेली असणार, पायांच्या आणि बोटांच्या नसा तिनं खाल्ल्या. आता जपलं तर पुढचं वाचेल, गेलेलं फारसं परत येणार नाही.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. त्याची लेक कोमेजून पडली होती. सवयीनं दादाचा हात तिच्या कपाळाकडे गेला, वाटेतच थांबला. मग त्यानं वाकून आपला गाल तिच्या कपाळाला लावला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"ताप नाही," तो म्हणाला.

वहिनीनं मान हलवली. मग हळूच आपलाही हात लेकीच्या कपाळावर ठेवून पाहिला. ताप खरंच नव्हता. पण तिनं हात ठेवला, ते दादानं पाहिलं.