हरकत

बनशंकरीतल्या पालिका कचेरीत अर्ज घेणाऱ्या खिडकीशी बसणारे ते गृहस्थ उठता-बसता ‘हरकत नाही’ म्हणायचे. सही राहिली, हरकत नाही. झेरॉक्स पुसट आली, तरी हरकत नाही. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कानडी मिसळलेलं. मला अण्णा म्हणत. संध्याकाळी मोठा रस्ता सोडून आमच्या घरांमागच्या बोळातूनच घरी जात. एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "चालणारं कोणी नसलं की वाट मरते, अण्णा."

तोच बोळ दोन्हीकडच्या घरमालकांना देऊन टाकायचं पालिकेनं ठरवलं. तसा अधिकार तिला आहे. फक्त आधी लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस बोळाच्या तोंडाशी त्यांनीच चिकटवली.

शेवटच्या दिवशी मी गेलो, तेव्हा ते खिडकीबाहेर, आम्हा लोकांच्या बाजूला उभे होते. एक अर्ज त्यांनी आपल्याच रिकाम्या खुर्चीसमोर सरकवला, वळसा घालून आत गेले, चष्मा लावून तो पहिल्यापासून वाचला आणि शिक्का मारला. बोळ देऊ नये, अशी त्यांची हरकत होती. तोवर आलेली एकमेव.

"स्वल्प थांबा हं." पोच घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि माझ्यापुढे हात केला. "द्या, अण्णा."

माझ्या हातात ना-हरकत पत्र होतं. मला मोटारीपुरती जागा मिळणार होती.

त्यांनी तेही पहिल्यापासून वाचलं, शिक्का मारला, पोच दिली. ‘हरकत नाही’ मात्र म्हणाले नाहीत.