डंकी कुणी नासवली?

अमळनेरहून सुरतेला आलेल्या प्रमिलाबाई गोडादऱ्यात आमच्या शेजारी राहायच्या. घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या. नवरा हिलाल गल्लीमागच्या डाइंग मिलमध्ये रंगखात्यात. बाई बोलायला कमी, पण साडीची छटा एकदा पाहिली की महिनाभर विसरायच्या नाहीत.

शहाण्णव साली गल्लीतली मुलं उलट्या-जुलाबांनी आजारी पडू लागली. पाणी सगळ्यांचं एकाच डंकीचं, म्हणजे हातपंपाचं. मिल आपलं रंगाचं पाणी मागच्या खड्ड्यात सोडते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बोट उठलं ते कमलवर! गल्लीत बौद्धांचं तेवढं एकच घर. म्हणे तिनं डंकीत काहीतरी टाकलं, म्हणे तिच्या लोकांनी कट केला. कट! दिवसभर कारखान्यात धागे कापून मोडून गेलेल्या बाईला कट करायला वेळ कुठला? माझं तर डोकंच फिरलं.

हे पसरवलं गणेश मंडळानं. मंडप मिलच्या शेठचा, ऑर्केस्ट्रा शेठचा, कमानीवर बाप्पापेक्षा मोठं नाव मिलचं. निवडणुकीत दोन्ही पक्षांच्या जीपा शेठच्याच. मग त्याच्याविरुद्ध तोंड उघडणार कोण?

आरतीनंतर मंडपात बैठक बसली. कमलनं गल्ली सोडावी, असं मंडळाचा अध्यक्ष गणपत सांगत होता. तेवढ्यात प्रमिलाबाई उठल्या. आमच्यात डंकीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधून पाणी गाळतात. त्यांनी आठवड्याची रोजची फडकी आणि त्या त्या दिवशी मिलमधून टिकल्यांसाठी आलेल्या साड्या शेजारी शेजारी मांडल्या. सोमवारी राणी रंग, मंगळवारी राणी, बुधवारपासून मोरपंखी. फडकं आणि साडी, छटेला छटा.

"कमल काय रोज साडीना रंग पाहीसन जहर टाकस?" त्यांनी विचारलं.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमना हात दाखाडा."

हिलालचे हात कोपरापर्यंत मोरपंखी होते. त्यानं ते पाठीमागे लपवले.

"शेठ आहेत म्हणून हा मंडप आहे, बाई!" गणपत ओरडला आणि बैठक मोडली. कमलचं घर तेवढं वाचलं.

दोन दिवसांनी मिलचा पाण्याचा टँकर आला. ज्यानं पाणी नासवलं त्याचाच लोकांनी जयजयकार केला! त्याच दुपारी हिलालला कामावरून काढलं. बायको बोलली म्हणून, दुसरं कारण नाही. मला वाटलं, आता तरी हा माणूस शेठला शिव्या घालेल. छे! तो थेट कमलच्या दारापुढे जाऊन बोंबलू लागला, "या बाईनापायी मनं काम गयं!"

प्रमिलाबाई धावत जाऊन दारात आडव्या उभ्या राहिल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला एकेरी हाक मारली. "तुनं काम शेठनी लिधं. त्यानं नाव ले!"

सगळी गल्ली ऐकत होती. हिलालनं तोंड उघडलं, पण शेठचं नाव काही त्याच्या तोंडून निघेना.