वस्तादांनी मला गाळलं तेव्हा

मी बी.ए. झालो तो वस्तादांमुळे. याच वस्तादांनी मला स्केटिंगच्या संघातून गाळलं होतं, हेही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची निराशा व्हायला नको.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान. कुणाविषयी मत विचारलं की गळ्यातली टेप दोन्ही हातांनी ताणत आणि म्हणत, “एका दिवसावर माणूस निवडायचा न्हाय.”

तरुणपणी ते सिमल्याला साहेबलोकांच्या पायांत बर्फावरचे बूट बांधायच्या नोकरीत होते. बघून बघून स्वतः शिकले. कोल्हापुरात बर्फ मिळायचा तो सरबताच्या गाडीवर. म्हणून मग चाकांचे बूट आणि मंगल कार्यालयाची गुळगुळीत फरशी. लग्नाचा मुहूर्त नसेल त्या दिवशी आम्ही तिथे गिरक्या घ्यायचो आणि शेजारच्या तालमीतली पोरं दारात उभी राहून हसायची.

मी मुरगूडचा, मॅट्रिकच्या वर्षापुरता कोल्हापुरात मावशीकडे राहून नुकताच पास झालेला. कॉलेजच्या वसतिगृहात खेळाडूसाठी एक जागा राखीव होती. राज्याच्या चाचणीला जिल्ह्यातून एकच जण जाणार होता आणि तो वस्ताद ठरवणार होते. तो मी ठरलो तर जागा माझी. नाहीतर घरी म्हशी माझी वाट बघतच होत्या.

दुसरा दावेदार पेठ वडगावचा दिनकर. तो हवेत उडी मारून फिरायचा आणि एका पायावर उतरायचा. मी उडी मारण्याचा विचार करायचो.

आमच्या निवडीच्या आदल्या दिवशी कार्यालयात लग्न झालं होतं. फरशी झाडली होती, पण कडेला अक्षता राहिल्या होत्या. दिनकर उडीतून उतरला तो नेमका त्यांच्यावर. साफ उताणा! तालमीच्या पोरांनी एकच गलका केला, “पाठ लागली! पाठ लागली!” त्यांच्या लेखी निकाल झाला होता.

मग मी गेलो. डोक्यावर भरलेली घागर असावी तशा मधल्यामध्ये संथ फेऱ्या मारल्या आणि उभाच राहिलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. निवड बघायला मुरगुडाहून आलेल्या वडिलांनी स्वतःचा फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी गुण मोजले, त्यातही मीच पुढे.

वस्ताद म्हणाले, “दिनकर जाणार.”

“आवो वस्ताद, त्यो पडला की!” वडील ओरडले.

“ही कुस्ती न्हाय, पावणं. ऑलिम्पिकला बर्फावरची माणसं निवडत्यात, तवा नुसतं शेवटच्या दिवसाचं गुण धरत न्हाईत. समिती मागचं समदं बघती.”

“मग माझं पोरगं तर कवाच पडलं न्हाय!”

“उडीच मारली न्हाय तर पडंल कसं?”

सगळे हसले. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर रडलो असतो. डोक्यावरच्या फेट्याचं काय करायचं ते मात्र कळेना.

वडिलांनी माझा हात धरला. वस्ताद दारात आडवे आले.

“कुठं नेताय त्याला?”

“जागा गेली की. आता म्हसरं राखंल.”

“संघातनं काढलाय मी, शिक्षणातनं न्हाय. हे पोरगं बूट काढलं की पुस्तक काढतंय, वर्षभर बघतोय मी. दुकानावर पोटमाळा हाय. ऱ्हाऊ दे तिथं.”

पदवीपर्यंत मी तिथेच राहिलो. खाली शिलाईची मशीन, वर माझा इतिहास. ईदच्या कपड्यांची गर्दी झाली की वस्तादांची बायको, आमच्या चाची, जिन्याखालून हाक मारायच्या, “ए ग्रॅज्युएट, काजं करायला उतर की खाली!” मी काजं केलेल्या एका कोटाची बटणं गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत लावता आली नाहीत.

दिनकर राज्याच्या चाचणीतही पडला. त्या दिवशी माझ्या वडिलांनी मुरगुडात पेढे वाटले. वस्तादांनी पुढच्या वर्षी पुन्हा दिनकरलाच पाठवलं.

माझा निकाल लागला तेव्हा वस्ताद दुकान बंद करून लेकीकडे बेळगावला गेले होते. मी पत्र टाकलं:

“तीर्थरूप वस्ताद यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी बी.ए. झालो. आमच्या घरात पहिलाच. दुसरा वर्ग मिळाला, तो तुम्ही गोड मानून घ्यावा.

एक अडचण आहे. त्या दिवशीचा निकाल चुकला, असं वडील अजून गावभर सांगतात. मी समजावायला गेलो तर म्हणतात, तू शिकलेला माणूस, तुला खेळातलं काय कळतंय? त्यांना तुमच्याशी समोरासमोर भांडायचं आहे आणि त्यासाठी त्यांनी एक बोकड राखून ठेवला आहे. तरी चाचींना घेऊन यावे. भांडण एका दिवसात मिटेलसं वाटत नाही, मुक्कामाच्या तयारीने यावे.”